कर्त्याचा शिक्का

चामराजपेठेत आमच्या शेजारी त्रिविक्रमअण्णा राहत. त्यांनी आयुष्यात आपणहून, कुणाला न सांगता, स्वतःच्या पायांनी जाऊन केलेलं एकच काम मला ठाऊक आहे. ते अवेन्यू रोडला गेले आणि रबरी शिक्का करून घेऊन आले. शिक्क्यावर तीन ओळी होत्या. वर त्यांचं नाव, खाली हिंदू अविभक्त कुटुंब, आणि मधे, दोन्ही ओळींपेक्षा ठसठशीत, एकच शब्द: कर्ता. अक्षरं इंग्रजी, शाई जांभळी.

हा शिक्का भाड्याच्या पावत्यांवर उठायचा ते एक ठीक. पण तो पंचांगावर उठला, आहेराच्या पाकिटावर उठला, लोणच्याच्या बरणीवर चिकटवलेल्या कागदावर उठला. अण्णांची पुतणी क्षमा माझ्या वर्गात होती. एका वर्षी तिच्या प्रगतिपुस्तकावर वडलांच्या सहीच्या जागी हा शिक्का होता, आणि शिक्का मारताना वडील, म्हणजे रघुपतीकाका, शेजारीच पाटावर बसून जेवत होते. शाळेत बाईंनी विचारलं, "हे कोण?" क्षमा म्हणाली, "आमच्या घरचे कर्ता." संस्कृतच्या तासाला शास्त्रीमास्तरांनी कर्त्याची व्याख्या विचारली की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचोच नाही. क्रिया करतो तो कर्ता. अण्णांच्या घरी क्रिया सगळ्या होत होत्या. त्या करणारे मात्र दुसरेच होते.

देवानं अण्णांना राजाचं सगळं सामान दिलं होतं. सहा फूट उंची, तरतरीत नाक, आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरचा भाजीवाला वळून बघायचा. फक्त राज्य द्यायचं राहिलं. बायको लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी वारली, मूलबाळ नाही, नोकरी कधी केली नाही. घरासमोरच्या ओट्याला बेंगळुरात जगली म्हणतात. त्या जगलीवर वेताच्या खुर्चीत बसून अण्णा राज्य नसतानाच राज्य करत. आमची त्यांची भिंत खांद्याएवढी, त्यामुळे दरबाराचं कामकाज आम्हाला रोज फुकट ऐकू यायचं.

"वसुमती! कॉफी झाली काय?"

"दूध तापतंय, भाऊजी."

"तापू दे. पण मी सांगितल्यावर फिल्टरात पाणी घाल. आधी घालू नको."

दूध तापायच्या वेळेला तापायचं, पाणी पडायच्या वेळेला पडायचं, आणि मग अण्णा गंभीरपणे म्हणायचे, "सरी, ठीक. आता घाल." आतून वसुमतीकाकू भरलेला पेला घेऊन बाहेर यायची.

राहतं घर आणि मागची वठार, म्हणजे एका अंगणाभोवती रांगेनं बांधलेली सहा भाडेकरू बिऱ्हाडं, ही अण्णांची दौलत. खरेदीपत्रावर नाव त्यांच्या एकट्याचं. रघुपतीकाका बँकेत होते. लग्नाआधीपासून दर एक तारखेला ते पगाराचं पाकीट न उघडता मोठ्या भावाच्या हातात ठेवत आणि भाऊ त्यातून त्यांना बससाठी सुटे पैसे देत. असं बारा वर्षं चाललं. त्या पाकिटांचं घर झालं, वठार झाली. पण पाकिटांना खरेदीपत्र नसतं.

मग छप्पन्न साली इन्कमटॅक्सची नोटीस आली. भाड्याचं उत्पन्न दाखवा म्हणून.

दंडूत, म्हणजे कँटोन्मेंटच्या बाजूला, टॅक्सच्या कचेरीबाहेर चिंचेखाली एक टेबल टाकून भीमाचार्य बसत. कोर्टातले निवृत्त कारकून, कपाळावर अंगारअक्षतेचा टिळा, कानावर पेन्सिल. लोकांचे फॉर्म भरून द्यायचे हा त्यांचा धंदा. अण्णा त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि रघुपतीकाका छत्री धरून मागे उभे राहिले. पुढचं सगळं काकांनी घरी येऊन बायकोला सांगितलं, काकूनं क्षमाला, आणि क्षमानं मला, अण्णांच्या आवाजात, माडीच्या जिन्यावर बसून निदान वीस वेळा.

"नाव झालं. पत्ता झाला. स्टेटस?" भीमाचार्यांनी विचारलं.

अण्णांनी उपरणं सारखं केलं. "चांगलंच आहे की. चामराजपेठेत कुणालाही विचारा."

"तसं नव्हे, स्वामी. तुमची प्रतिष्ठा टॅक्सवाल्यांना नको. तुम्ही कोण म्हणून हा फॉर्म भरणार, ते पाहिजे त्यांना. इंडिव्हिज्युअल की एच.यू.एफ.?"

"इंडिव्हिज्युअल म्हणजे काय?"

"एकटा माणूस."

"एकटा?" अण्णांचा आवाज चिंचेच्या शेंड्यापर्यंत गेला. "मी काय धर्मशाळेत पडलोय? धाकटा भाऊ आहे, भावजय आहे, पुतणी आहे. भरलेलं घर आहे माझं!"

"मग एच.यू.एफ. लिहायचं. हिंदू अविभक्त कुटुंब. त्यात जो मुख्य असतो त्याला कायद्यात कर्ता म्हणतात."

"काय म्हणतात?"

"कर्ता."

"ते आपल्यात. इंग्रजीत काय म्हणतात?"

"इंग्रजीत पण कर्ताच. साहेबाला दुसरा शब्द मिळाला नाही."

त्या क्षणी अण्णांच्या तोंडावर जे आलं त्याला काका 'उजेड' म्हणाले होते. काका भला माणूस. मी त्याला हाव म्हणते. कारण भीमाचार्यांनी पुढचं वाक्य टाकलं की कुटुंबाला सूट एकट्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असते, तुमच्या भाड्यावर टॅक्स बसणारच नाही बहुतेक.

"लिहा!" अण्णा म्हणाले.

"थांबा स्वल्प. घर कुणाच्या नावावर?"

"माझ्या. एकट्याच्या."

"मग तुमचा फॉर्म एकट्याचा. एच.यू.एफ. पाहिजे तर लिहून द्यायला लागेल की घर आणि वठार दोघा भावांची, कुटुंबाच्या कमाईची. खाली सभासदांची नावं द्यायला लागतील."

"लिहा की. कागदावर लिहायला काय जातं?"

"लिहिलं की लिहिलं, स्वामी. ही पाटी नव्हे पुसायला."

"घर माझं, सही माझी. तुमचं काय जातं?"

मागून छत्रीखालून काका म्हणाले, "अण्णा, तसं बघितलं तर ते खरंच—"

"तू सुम्ने, गप उभा राहा," अण्णा म्हणाले.

या माणसाची सगळी करणी त्या एका सकाळी आहे. टॅक्स चुकवायला त्यांनी जे खोटं म्हणून लिहून दिलं, तेवढं एकच खरं होतं. ते त्यांना कळलं नाही. ज्याला खरं कळलं होतं तो छत्री धरून उभा होता.

परत येताना ते अवेन्यू रोडला उतरले. काकांना पुढे पाठवलं आणि शिक्का करायला टाकला.

त्यानंतर दर जूनमध्ये फॉर्मचा सोहळा व्हायचा. भीमाचार्यांना पैसे कशाला द्यायचे, म्हणून पहिल्या वर्षीचा फॉर्म समोर ठेवून क्षमानं त्याची नक्कल करायची. तिचं इंग्रजी अक्षर छापल्यासारखं. बारा वर्षांची पोर जगलीवर पाटीवर कागद ठेवून लिहायची आणि अण्णा मागे हात बांधून फेऱ्या मारत सांगायचे.

"स्टेटस. काय लिहिलंस?"

"एच.यू.एफ., दोड्डप्पा." मोठ्या काकाला ती कानडी रीतीनं दोड्डप्पा म्हणायची.

"सभासद एक?"

"त्रिविक्रमराव, कर्ता."

"मोठ्यानं."

"कर्ता!"

"सभासद दोन?"

"रघुपती. भाऊ. हिस्सा मागण्याचा हक्क, होय."

"तो मागणार नाही," अण्णा हसून म्हणायचे. "पण लिही."

एकोणसाठ साली रघुपतीकाका तापानं गेले. अकरा दिवस ताप होता. आठव्या दिवसापर्यंत अण्णांचं मत होतं की डॉक्टर बोलवायचा की नाही ते कर्त्यानं ठरवायचं, आणि कर्त्याचं अजून ठरलं नव्हतं. तेराव्याला जेवणावळ मात्र दणक्यात झाली. अण्णा दारात उभे राहून एकेकाला सांगत होते, "माझा उजवा हात गेला." ते अक्षरशः खरं होतं. डावा तर त्यांना पहिल्यापासून नव्हताच.

पुढच्या जूनमध्ये पंचाईत झाली. सभासद दोनच्या जागी काय लिहायचं? अण्णा नाइलाजानं भीमाचार्यांकडे गेले. भीमाचार्य म्हणाले, जास्तीची सूट पाहिजे तर हिस्सा मागू शकणारी निदान दोन मोठी माणसं कुटुंबात पाहिजेत. भावाची विधवा आहे ना? तिचं नाव घाला. अण्णा उड्या मारत घरी आले.

क्षमानं स्वतःच्या हातानं लिहिलं: वसुमती, रघुपतीची विधवा, हिस्सा मागण्याचा हक्क, होय. अण्णांनी खाली सही केली आणि शिक्क्यावर हाऽऽ करून तोंडाची वाफ घालून तो दाबला.

त्याच आठवड्यात त्यांनी काकूला आणि क्षमाला मधल्या खोलीतून काढून मागच्या सामानाच्या खोलीत घातलं. लाकडं, चिंचेचे माठ, आणि त्या दोघी. मधली खोली त्यांना शिक्क्याच्या कागदपत्रांसाठी पाहिजे होती. ऑफिस म्हणून.

भर दुपारी, मागच्या विहिरीपाशी क्षमानं आईला फॉर्ममध्ये काय लिहिलंय ते सांगितलं. काकूला इंग्रजी येत नव्हतं. ती धुणं पिळत होती. तिनं पिळणं थांबवलं नाही.

"पुन्हा सांग. काय मागायचा हक्क?"

"हिस्सा, आई."

"होय म्हणून लिहिलंय?"

"मीच लिहिलंय. सही त्यांची."

काकूनं लुगडं झटकलं. "अक्षर चांगलं काढत जा," एवढंच म्हणाली.

त्रेसष्टमध्ये अण्णांच्या डोक्यात बंगला शिरला. बनशंकरीच्या देवळाकडे तेव्हा नुसती शेतं होती. तिथे स्वस्तात जमीन घ्यायची, चारी बाजूंनी जगली असलेला बंगला बांधायचा. त्यासाठी हे घर आणि वठार विकायची. गिऱ्हाईक पण मिळालं. राहिल्या दोघी बायका. त्यांची व्यवस्था अण्णांनी एका वाक्यात लावली, आणि ते वाक्य भिंतीवरून आमच्या स्वयंपाकघरात आलं.

"धारवाडला तुझा भाऊ आहे नव्हे? ऑगस्टात जायची तयारी कर."

"क्षमाचं कॉलेज आहे, भाऊजी. दोन वर्षं राहिली."

"धारवाडला काय कॉलेजं नाहीत?"

"भावाच्या घरी सात माणसं आहेत. आम्ही कुठे मावायचं?"

"ते त्याला विचार. हे घर माझं आहे. खरेदीपत्रावर नाव कुणाचं? वाच जा."

काकूनं सुपातले तांदूळ एकदा पाखडले. मग म्हणाली, "मला वाचता येत नाही, भाऊजी. तुम्ही लिहिता, क्षमा वाचते."

हे बोलणं अण्णांच्या डोक्यावरून गेलं. उंच माणसाच्या डोक्यावरून काही जाणं सोपं नाही, पण अण्णांना जमायचं.

अडचण दुसरीकडून आली. माडीवर विद्याधर म्हणून पुण्याचा इंजिनिअर भाड्यानं राहत होता, विमानांच्या कारखान्यात नोकरीला. गिऱ्हाइकाच्या वकिलानं भाडेकरू कोण कोण आहेत म्हणून पावत्या मागितल्या, त्यात विद्याधरची पावती गेली, आणि पावतीवर जांभळा शिक्का. वकील म्हणाला, राव, हे कर्ता काय प्रकरण आहे? घर कुटुंबाचं असेल तर भावाच्या बायकोची सही लागेल. तुमचं एकट्याचं असेल तर टॅक्सच्या कागदावर तसं दाखवा, मग बोलू.

म्हणून त्या जूनच्या शेवटच्या दिवशी जगलीवर दोन फॉर्म होते. एक विद्याधरचा, पगारदार माणसाचा आखूड फॉर्म. तो जिन्याच्या पायरीवर बसून दहा मिनिटांत भरून मोकळा झाला.

"झालं सुद्धा?" अण्णांनी तुच्छतेनं विचारलं.

"माझा सोपा आहे हो. पगार एक ओळ, सही एक ओळ."

"नोकराचा फॉर्म," अण्णा म्हणाले. "आमचा बघा." आणि खुर्चीत बसून क्षमाला सांगू लागले. "स्टेटस. यंदा इंडिव्हिज्युअल लिही."

क्षमाची लेखणी थांबली. "दोड्डप्पा, सात वर्षं एच.यू.एफ. लिहिलंय."

"कायदा नवा आलाय. नव्या कायद्यात नवं लिहायचं."

"आणि सभासद दोन?"

"काढून टाक."

"आईला?"

"कागदावरून काढ म्हणतोय ग. जेवायला घालतोच आहे ना?"

घालत कोण होतं ते आतून फोडणीच्या आवाजावरून सगळ्यांना कळत होतं. विद्याधरनं एकदा क्षमाकडे पाहिलं, एकदा फॉर्मकडे. असा स्टेटस बदलता येत नाही हे त्याला चांगलं माहीत होतं. त्याच संध्याकाळी तो माझ्या वडलांपाशी बोलला. पण अण्णांपाशी बोलला असता तर भाडं वाढलं असतं. त्यानं आपला आखूड फॉर्म घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "चालू द्या तुमचं." पुण्याच्या माणसाला सगळं कळतं, कधी गप्प बसावं हे सुद्धा.

क्षमानं लिहिलं. एकट्या माणसाच्या फॉर्मवर अण्णांनी सही केली. आणि मग, सवयीनं, वाफ घालून खाली शिक्का मारला. कर्ता, हिंदू अविभक्त कुटुंब.

तिनं पाहिलं. मला नंतर म्हणाली, "मी काय सांगू? मला कुणी विचारलं नव्हतं."

दोन महिन्यांत टॅक्सच्या कचेरीतून बोलावणं आलं. कागद आणा, आणि ज्यांचं नाव गळलंय त्या बाईंना घेऊन या. अण्णांनी जटका ठरवला. एरवी काकूला चालत पाठवणारा माणूस त्या दिवशी हात देऊन घोडागाडीत बसवत होता. चामराजपेठेपासून दंडूपर्यंत गाडीत तालीम चालली.

"साहेब विचारेल, घरात तुझा हिस्सा आहे काय. तू काय म्हणायचं?"

"काय म्हणायचं?"

"इल्ला."

"इल्ला," काकू म्हणाली. कानडीत इल्ला म्हणजे नाही.

"असं पुटपुटून नव्हे. स्वच्छ. इल्ला!"

"इल्ला."

"आणि माझ्याकडे बघू नको म्हणताना. त्याच्याकडे बघ."

"सरी, भाऊजी."

क्षमा समोरच्या फळीवर बसून ऐकत होती. तिच्या कॉलेजची फी भरायची शेवटची तारीख त्या आठवड्यात होती. फी भरायची की धारवाडचं तिकीट काढायचं, ते त्या एका शब्दावर होतं.

साहेब कृश, चाळिशीचा चष्मा, बोलणं कानडी आणि संथ. त्यांनी टेबलावर आठ फॉर्म पत्ते मांडावेत तसे ओळीनं मांडले.

"अक्षर कुणाचं?"

"पहिला सोडून सगळ्यांत माझं," क्षमा म्हणाली.

"सही?"

"माझी," अण्णा म्हणाले. "आणि शिक्का पण माझा."

"शिक्क्याचं विचारलं नव्हतं. पण विचारतोच. इंडिव्हिज्युअलच्या फॉर्मवर कर्ता कसा? एकटा माणूस कुणाचा कर्ता?"

अण्णांनी खाकरून घसा साफ केला. "ते... सवय."

"सात वर्षं तुम्ही लिहून देता, घर कुटुंबाचं. त्यावर सूट घेता. आठव्या वर्षी म्हणता, माझं एकट्याचं. मधे वाटणी झाली काय? वाटणीचा कागद दाखवा."

"वाटणी कशाची? घर पहिल्यापासून माझंच आहे. ते आपलं लिहायचं म्हणून लिहिलं होतं. ह्या बाईला विचारा. वसुमती, बोल."

साहेबांनी चष्मा काढला. "अम्मा, त्या घरात तुमचा हिस्सा आहे?"

तालमीत ठरल्याप्रमाणे काकूनं अण्णांकडे पाहिलं नाही. साहेबांकडेच पाहिलं.

"मला इंग्रजी येत नाही, स्वामी. ह्यांनी त्या कागदांत काय लिहिलंय?"

"आहे, असं लिहिलंय."

"सगळ्यांत?"

"तुमचे यजमान होते तेव्हा त्यांचा आहे असं. ते गेल्यावर तुमचा. तीन वर्षं."

"मग असेल," काकू म्हणाली. "ते आमच्या घरचे कर्ते आहेत. कर्ते खोटं लिहितील होय?"

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"अग, इल्ला म्हण!" अण्णा मराठीत ओरडले. "इल्ला!"

"म्हटलं असतं, भाऊजी. पण मग तुम्ही खोटे ठरता की."

साहेबांना मराठी येत नव्हतं, पण त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही. ते अण्णांना म्हणाले, "राव, दोनातलं एक सांगा. सात वर्षांचं खरं असेल तर रीतसर वाटणी करा, कागद आणा, मग तुमच्या हिश्श्यापुरते तुम्ही एकटे. यंदाचं खरं असेल तर मागची सात वर्षं तुम्ही खोटी सही केली. त्याचा टॅक्स, त्यावर दंड. आणि कायद्यात तुरुंग पण आहे."

एखाद्याला वाटेल, आता त्यांना भाऊ आठवला असेल. बारा वर्षांची न उघडलेली पाकिटं आठवली असतील. मी क्षमाला खोदून विचारलं आहे. तिचं म्हणणं, त्यांनी फक्त दोनच प्रश्न विचारले. पहिला, "दंड किती?" आणि साहेबांनी सांगितल्यावर दुसरा, बारीक आवाजात, जो आवाज त्या घरात आधी कुणी ऐकला नव्हता: "तुरुंग म्हणजे... खराच तुरुंग?"

"खरा."

"मग कुटुंबाचंच आहे," अण्णा म्हणाले. "पहिल्यापासून कुटुंबाचंच आहे. मी कर्ता आहे ना."

जटक्यातून परतताना गांधीबाजाराशी काकूनं गाडी थांबवून भाजी घेतली. अण्णा गाडीतच बसून राहिले.

वाटणीचा कागद भीमाचार्यांनीच लिहिला. अर्धं अण्णांचं, अर्धं रघुपतीच्या माघारी वसुमतीचं आणि क्षमाचं. कुणी कुठला भाग घ्यायचा? निवड पहिली कर्त्याची, असं अण्णांनीच ठासून सांगितलं, आणि काकू लगेच हो म्हणाली. अण्णांनी काय निवडावं! समोरचा दिवाणखाना, ऑफिसची खोली, माडी, आणि जगली. शोभेचं सगळं. काकूला मागची बाजू आली: विहीर, स्वयंपाकघर, आणि सहाच्या सहा बिऱ्हाडांची वठार. भीमाचार्यांनी लिहिता लिहिता दोनदा विचारलं, "नक्की ना, स्वामी? भाडं मागे आहे."

"लोक समोरून बघतात," अण्णा म्हणाले.

अर्धं घर घ्यायला गिऱ्हाईक तयार नव्हतं. बनशंकरीची शेतं शेतंच राहिली. क्षमाची फी भरली गेली. मधे भिंत उठली तेव्हा गवंड्यानं अण्णांना विचारलं, तुमच्या बाजूला चूल कुठे मांडू? अण्णांनी इकडे तिकडे बघितलं. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात चूल कुठे असते हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. तेव्हापासून कोपऱ्यावरच्या हॉटेलातून डबा येतो. सकाळी जगलीवरून आवाज येतो, "कॉफी झाली काय?" आणि हॉटेलचा माणूस रस्त्यावरून ओरडतो, "झाली तेव्हा येईल!"

परवा जून संपला. टॅक्सच्या कचेरीबाहेर चिंचेखाली रांग होती. काकू आणि क्षमा पुढे. वठारीच्या भाड्याचे आता त्यांचे त्यांचे फॉर्म. क्षमानं घरूनच लिहून आणले होते, भीमाचार्यांनी नुसते तपासले.

"स्टेटस?" त्यांनी सवयीनं विचारलं.

"लिहिलंय की," काकू म्हणाली. "इंडिव्हिज्युअल." तिला आता तेवढं इंग्रजी येत होतं.

चार माणसं सोडून मागे अण्णा होते. क्षमाला त्यांनी आदल्या दिवशी भिंतीवरून हाक मारली होती, "पोरी, फॉर्म लिहायचाय." ती म्हणाली होती, "माझी परीक्षा आहे, दोड्डप्पा." परीक्षा मार्चमध्येच झाली होती. त्यांना ते ठाऊक नव्हतं. त्यांना तिचं कधीच काही ठाऊक नव्हतं.

त्यांचा नंबर आला. ते बसले, उपरणं सारखं केलं.

"नाव झालं. पत्ता झाला," भीमाचार्य म्हणाले. "स्टेटस?"

अण्णांनी खिशात हात घातला, तिथे शिक्का होता, तो बाहेर काढला नाही. मागचा माणूस कानडीत म्हणाला, लवकर सांगा हो, ऊन वाढतंय. भीमाचार्यांनी थोडी वाट पाहिली आणि मग स्वतःच लिहून टाकलं, एकटा माणूस. वाळूनं शाई टिपली, कागद फिरवला, बोट ठेवून सही कुठे करायची ते दाखवलं.

अण्णांनी सही केली. मग दोन्ही पानं उलटून पाहिली.

"कुटुंबाचा फॉर्म मोठा होता," ते म्हणाले. "सभासदांची नावं लिहायला लागायची. ह्यात काहीच लिहायला नाही. अर्धेच पैसे देणार मी."